पाखाडी चढेल तेवढीच बॅग

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातील शहरांच्या छोट्या सहलीसाठी बॅगेत काय काय भरावे याची जी यादी आली आहे, ती मी दोनदा वाचली. यादीत चूक अशी काही नाही. परंतु ज्याच्या फाटकाशी गाडी लागते आणि विमानातून उतरल्यावर ज्याच्यासाठी सहल कंपनीची बस उभी असते, अशा प्रवाशाला समोर ठेवून ती केलेली दिसते. आमच्या बाजूचे लोक आता स्वतःच तिकिटे काढून आठ-दहा दिवसांत दोन-तीन शहरे पाहून येऊ लागले आहेत, आणि त्यांचा प्रवास दापोली तालुक्यातल्या एखाद्या वाडीतून, पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट उतरून, रिक्षाने आणि मग एसटीने सुरू होतो. गेल्या ऑक्टोबरात यजमान, नणंदबाई आणि मी असे तिघे व्हिएन्ना, व्हेनिस आणि रोम ही तीन शहरे नऊ दिवसांत पाहून आलो. तिघांचीही साठी उलटलेली आहे. तेव्हा सामानाच्या बाबतीत जे चुकले आणि जे नंतर उमगले, ते आपल्या वाचकांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर आगोटीची बेगमी करण्याची जी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, तीच आपण बॅग भरताना वापरतो, हे मला व्हेनिसला कळले. चार महिने वाट बंद होणार, दुकान उघडे असेल-नसेल, म्हणून मिरच्या, मीठ, सुकी मासळी, लाकूडफाटा सारे भरून ठेवायचे, ही वृत्ती घरासाठी शहाणपणाची आहे. पण ज्या शहरात पावलापावलावर दुकान आहे आणि जिथे आपण तीन रात्री राहणार आहोत, तिथे ती अंगलट येते. तिकिटे काढून देणाऱ्या एजंटाने आम्हाला एक छापील कागद दिला होता. त्यात प्रत्येकी तेवीस किलोची मुभा असल्याचे ठळक अक्षरांत होते, आणि मुभा आहे म्हटल्यावर ती वाया का घालवावी या हिशेबाने आम्ही तिघांनी मिळून बासष्ट किलो सामान भरले. ते कोण उचलणार, याचा उल्लेख त्या कागदात नव्हता आणि आमच्याही डोक्यात आला नाही.

व्हेनिसच्या सांता लुचिया स्थानकातून बाहेर पडले की समोर पाणीच. गाडी नाही, रिक्षा नाही, स्कूटरसुद्धा नाही. शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. आमची खोली स्थानकाजवळच्या स्काल्झी नावाच्या दगडी पुलापलीकडे होती, म्हणजे नकाशावर जेमतेम बोटभर अंतर. पण त्या एका पुलावर बॅगा चढवून पलीकडे उतरवायला आम्हाला पाऊण तास लागला. आधी यजमानांनी एक बॅग वर नेऊन ठेवायची, तिच्याजवळ नणंदबाईंनी राखणीला उभे राहायचे, मग मी खाली थांबून उरलेल्या दोन सांभाळायच्या, असा तो सोहळा होता. उतरताना माझ्या बॅगेचे एक चाक निखळले आणि टणटण उड्या मारीत सरळ कालव्यात गेले. जवळच २००८ साली बांधलेला एक नवा पूल आहे, तो तरी सोपा असेल असे आम्हाला वाटले होते. परंतु त्याच्या काचेच्या पायऱ्यांवरून इतके लोक घसरले की काच काढून तिथे दगड बसवण्याचा निर्णय तिथल्या नगरपालिकेला घ्यावा लागला, हे नंतर समजले. रोममध्ये आमच्या वाटेवर पूल नव्हते, पण सांपिएत्रीनी म्हणतात त्या लहान काळ्या दगडांची फरसबंदी होती, आणि तीन चाकांवरची बॅग तिच्यावरून ओढणे म्हणजे नांगर धरण्यासारखे होते.

म्हणून माझी पहिली सूचना यादीची नसून चाचणीची आहे. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंत जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी आहे, तिच्या अडुसष्ट पायऱ्या आहेत. बॅग पूर्ण भरावी, कुलूप लावावे आणि ज्याची त्याने ती एका हाताने उचलून पाखाडी उतरावी आणि पुन्हा चढावी. मध्ये दोनदा टेकावी लागली तर हरकत नाही. पाच वेळा टेकावी लागली तर सामान कमी करावे. युरोपातल्या रेल्वेत हमाल जवळजवळ नाहीतच, डब्याच्या पायऱ्या आपणच चढायच्या, बॅग फळीवर आपणच ठेवायची, आणि लहान स्थानकांवर गाडी आमच्या खेडला थांबते तेवढीच, दोन-चार मिनिटे थांबते. माझ्या मते साठीच्या आतबाहेरच्या माणसाने नऊ-दहा किलोंच्या वर जाऊ नये. पाठीवरची पिशवी वेगळी, पण तीही लहान. कारण मोठ्या बॅगा घेऊन संग्रहालयात जाता येत नाही. पॅरिसच्या लूव्हरमध्ये ५५ × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग आत नेऊ देत नाहीत, आणि व्हॅटिकनच्या संग्रहालयात आम्हाला साधी पाठपिशवीही बाहेर जमा करावी लागली.

दुसरी गोष्ट खास समुद्रकाठच्या लोकांसाठी आहे आणि ती कोणत्याही पुरवणीत छापलेली मी पाहिली नाही. आपल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्याच्या दमटपणात माळ्यावर पडून राहिलेली वस्तू वरून धड दिसते, आतून धड असेलच असे नाही. बॅगेच्या चेनी गंजतात, ओढायच्या दांड्याच्या नळ्या आत अडकतात, अस्तराला बुरशीचा वास बसतो. परंतु सर्वांत दगाबाज वस्तू म्हणजे बूट. आपण एरवी चपला घालणारी माणसे. बूट लग्नकार्यापुरते निघतात आणि पुन्हा खोक्यात जातात. यजमानांनी पाच वर्षांपूर्वी घेतलेले, चार वेळाही न घातलेले बूट मोठ्या अभिमानाने पायांत चढवले. व्हिएन्नात दुसऱ्या दिवशी सकाळी, राजवाड्याच्या अंगणात, त्यांच्या उजव्या बुटाचा तळवा पुढून सुटला आणि जिभेसारखा लोंबू लागला. डावा बूट उचलून पाहिला तर त्याचा तळवा ओल्या केकसारखा बोटाने कुस्करला जात होता. हलक्या बुटांच्या तळव्यांत पॉलियुरेथेन नावाचे जे द्रव्य वापरतात, त्याचे दमट हवेत हळूहळू विघटन होते. वापरात नसलेला बूट तर अधिकच लवकर जातो, हे तिथल्या दुकानदाराने आम्हाला हसत समजावले आणि नवीन बुटांचे जे पैसे घेतले त्यात आमच्याकडे चार जोड आले असते. तेव्हा बूट नवे घ्यावेत, पण जाण्याआधी महिना-दीड महिना मोजे घालून रोज तासभर ते वापरावेत. कारण तिथे दिवसाला पंधरा-वीस हजार पावले सहज होतात, आणि चपलेला सरावलेला पाय बंद बुटात तिसऱ्या दिवशी फोड धरतो. बॅगही आधी दोन दिवस उन्हात उघडी टाकावी आणि तिची प्रत्येक चेन दहा-दहा वेळा ओढून पाहावी.

पावसाच्या बाबतीत आपला आत्मविश्वास आड येतो. कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. व्हिएन्नात वर्षभरात पडतो तो साडेसहाशेच्या आसपास. हे आकडे ऐकून नणंदबाई म्हणाल्या, ‘तो काय पाऊस!’ आणि छत्री घरीच ठेवून निघाल्या. यजमानांनी उलट आपली काळी, लाकडी मुठीची, अंगणभर सावली करणारी छत्री घेतली. दोघेही चुकले. तिथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, तो भुरभुरतो. पण ऑक्टोबरात व्हिएन्नाचे किमान तापमान सात-आठ अंशांवर असते, जोडीला वारा असतो, आणि त्या भुरभुरीत भिजलेले बाही-खांदे सुकत नाहीत. गर्दीच्या फुटपाथावर मोठी छत्री लोकांच्या डोळ्यांत जाते. टोपी असलेले, वारा अडवणारे, हलके जलरोधक जाकीट ही या प्रवासातली सर्वांत मोलाची वस्तू आहे, आणि तिच्यावर पैसे खर्च करावेत. व्हेनिसमध्ये ऑक्टोबरापासून पुढे भरतीचे पाणी चौकात शिरते, म्हणून गमबूट न्यावेत असे आम्हाला कोणीतरी सांगितले होते. उधाण म्हणजे काय हे आम्हाला शिकवायला नको. परंतु २०२० च्या ऑक्टोबरापासून तिथे समुद्राच्या तोंडाशी उचलता येणारी दारे कामाला लागली आहेत, मोठे उधाण आले की ती वर करतात, आणि थोडेफार पाणी आलेच तर बुटांवरून चढवायच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तिथे रस्त्यावर विकत मिळतात. गमबूट घरच्या चिखलातच शोभतात.

थंडीसाठी जाडजूड कोट नेण्याची आपली ओढ मी समजू शकते, कारण आपल्याकडे थंडीचा अनुभवच नाही. आमच्या घरी स्वेटर होता तो महाबळेश्वरच्या शाळेच्या सहलीतला. पण युरोपात खोली, दुकान, रेल्वे, संग्रहालय, सगळे आतून गरम केलेले असते. जाड कोट घालून आत गेले की घाम आणि हातात घेतला की ओझे. त्यापेक्षा गोधडीचे तत्त्व वापरावे. जुन्या लुगड्यांचे सहा पातळ थर एका जाड कापडापेक्षा जास्त ऊब देतात, कारण थरांमध्ये हवा अडकून राहते. तसेच अंगालगत एक पातळ थर्मल, त्यावर नेहमीचा कुर्ता किंवा सदरा, त्यावर लोकरी स्वेटर आणि सर्वांत वर ते जाकीट. गरम झाले की एकेक काढता येते. मी नऊही दिवस साडीत हिंडले, आत थर्मल आणि पायांत बूट; सरकत्या जिन्यावर निऱ्या किंचित वर धरायच्या, एवढीच काळजी. साड्या तीनच नेल्या, तिन्ही न चुरगळणाऱ्या. चर्चमध्ये, विशेषतः रोमला सेंट पीटर्समध्ये, खांदे आणि गुडघे झाकलेले नसतील तर दारातून परत पाठवतात. त्या रांगेत तरुण मुलींना रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून ओढण्या विकत घ्याव्या लागत होत्या आणि आमच्या नणंदबाई पदर सावरून सरळ आत गेल्या, याचे त्यांना अजून कौतुक आहे.

कपडे तीन जोडांहून अधिक नकोत, पण मग धुवावे लागतात, आणि तिथल्या न्हाणीघरात बादली नसते, तांब्या नसतो, कित्येकदा शॉवरच्या खोक्याबाहेर पाणी जायला मोरीही नसते. इथे आपला पंचा कामी येतो. रात्री धुतलेला कपडा पंचात गुंडाळून पिळला की निम्मे पाणी निघून जाते, आणि उरलेले गरम खोलीत सकाळपर्यंत सुकते. श्रावणात माजघरात दोऱ्या बांधून कपडे वाळवणाऱ्या बाईला हे सांगायला नको. व्हिएन्नातल्या स्वच्छतागृहात फक्त कागद असतो. इटलीत बहुतेक ठिकाणी शौचानंतर धुण्यासाठी बिडे नावाचे बसके भांडे असते, ते आम्ही पहिल्या दिवशी पाय धुण्यासाठी वापरले. एक लहान रिकामी बाटली जवळ ठेवली की दोन्हीकडे भागते. पिण्यासाठी दुसरी बाटली हवीच, कारण नळाचे पाणी उत्तम असते. व्हिएन्नाला १८७३ पासून डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने येते आणि रोमच्या रस्त्यांवर सुमारे अडीच हजार कारंजी अखंड वाहत असतात. पाणी विकत घेणे हा तिथे निव्वळ अपव्यय आहे. स्थानकांवरील स्वच्छतागृहाला मात्र नाणी लागतात, ती खिशात सुटी असू द्यावीत.

आता खाण्याचा विषय, ज्यावरून आमच्या घरात अजून बोलणी होतात. नणंदबाईंचा मुलगा व्हिएन्नाला शिकतो. त्याच्यासाठी त्यांनी दोन किलो साजूक तूप आणि दीड किलो पेढे नेले होते. विमानतळावर सामानाची तपासणी करणाऱ्या मुलीने डबा उघडला, वास घेतला, हसली, आणि दोन्ही पदार्थ आमच्यादेखत बाजूच्या पेटीत टाकले. त्या मुलीचा काही दोष नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध यांपासून केलेले पदार्थ आणता येत नाहीत. जनावरांचे रोग आत येऊ नयेत म्हणून हा नियम आहे, आणि त्यात तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर सगळे येते. लहान मुलांची दुधाची पावडर तेवढी दोन किलोंपर्यंत चालते. आमच्या एजंटाच्या कागदात याबद्दल एक अक्षर नव्हते, आणि सांगण्यास खेद वाटतो की आपल्या पुरवणीतही नाही. उलट तिच्यात ‘घरची मिठाई’ न्यायला सुचवले आहे.

फळांचा नियम तर आपल्या जिल्ह्याने पाठ करून ठेवावा असा आहे. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतातल्या आंब्यावर आणि त्याबरोबर वांगी, अळू, कारली आणि पडवळ यांवर बंदी घातली होती, ते वर्ष इथल्या बागायतदारांना आठवत असेल. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, पण ती प्रक्रिया करून, प्रमाणपत्रासह जाणाऱ्या मालासाठी. डिसेंबर २०१९ पासून प्रवाशाच्या हातच्या ताज्या फळांनाही रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे मे महिन्यात लेकीकडे जाताना दोन डझन हापूस बॅगेत घालणे हा गुन्ह्याचा नसला तरी नुकसानीचा मामला आहे. या नियमातून पाचच फळे सुटली आहेत: अननस, नारळ, केळे, खजूर आणि डुरियन. यांतली दोन आपल्या परसातली आहेत, म्हणून नारळ न्या असे मी म्हणत नाही. पाखाडीची आठवण ठेवावी. आणि सोललेला नारळ चालतो म्हणून सुके खोबरे घालाल तर ते इथल्याच विमानतळावर काढून घेतील, कारण त्यातल्या तेलामुळे ते तापून पेट घेऊ शकणाऱ्या वस्तूंत मोडते. गंमत अशी की सुकी मासळी मात्र वीस किलोंपर्यंत नेता येते. कायदा बोंबलाच्या बाजूने आहे. शेजारच्या प्रवाशाचे नाक असेलच असे नाही.

आम्हाला खरोखर उपयोगी पडले ते हलके आणि कोरडे जिन्नस. भाजलेल्या कुळथाची पिठी अर्धा किलो, मेतकूट, लसणीची चटणी, थोडी आंबापोळी आणि आमसुले. भाच्याच्या खोलीवर पहिल्या रात्री मी पिठले केले, तेव्हा तुपाच्या दुःखातून तो सावरला. हॉटेलात शिजवता येत नाही. पण पाणी उकळण्याची किटली असेल तर पिठीचे कढण होते. युरोपातल्या हॉटेलांत ती असेलच असे नाही, म्हणून आधी विचारून घ्यावे. आपली न्यायची असेल तर विजेचा दाब तिथेही २३० व्होल्टच असल्याने ट्रान्सफॉर्मरची गरज नसते, फक्त पिनेचा जोड लागतो. मोबाइलच्या चार्जरच्या दोन बारीक गोल पिना ऑस्ट्रिया, इटली, फ्रान्स सगळीकडे बहुधा तशाच बसतात. आपली तीन पिनांची बसत नाही. एजंटाने आम्हाला जे जाडजूड ‘आंतरराष्ट्रीय’ यंत्र विकले, ते नऊ दिवस बॅगेच्या तळाशी पडून होते.

राहता राहिल्या हातातल्या पिशवीतल्या वस्तू. औषधे नेहमी तिच्यात असावीत, पाकिटातून न काढलेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव असावे, कारण आपल्याकडच्या कंपन्यांची नावे तिथे कोणी ओळखत नाही. इन्सुलिन तर सामानाच्या कोठारात देऊच नये, ते गोठू शकते. पॉवर बँकही हातातच ठेवावी लागते; वीस हजार एमएएचची सुमारे चौऱ्याहत्तर वॅट-तासांची भरते आणि मर्यादा शंभरची आहे. तेल, मलम, लोणचे असे जे काही पातळ ते शंभर मिलिलिटरच्या आतल्या डब्यांत, सर्व मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि विमा तीस हजार युरोंचा हवा, हे व्हिसा काढतानाच कळते. त्यांच्या छायाप्रती मात्र दुसऱ्याच्या बॅगेत ठेवाव्यात. पैशांसाठी नणंदबाईंनी सासूबाईंच्या वेळची कापडी चंची परकराच्या नाडीला बांधली होती. रोमच्या गर्दीच्या बसमध्ये यजमानांच्या मागच्या खिशातला चष्म्याचा डबा गेला, चंची राहिली.

आपणांस विनंती एवढीच की पुरवणीच्या पुढच्या अंकात तूप, पेढे, आंबा आणि सुके खोबरे यांविषयीचा खुलासा ठळकपणे छापावा. उन्हाळी सुट्टीच्या तिकिटांची विक्री इथे सुरू झाली आहे, आणि आपली यादी कात्रण करून कपाटाला चिकटवलेली मी दोन घरांत पाहिली आहे.

त्यांतले एक घर माझ्या धाकट्या दिरांचे आहे. ते आणि जाऊबाई एप्रिलात प्राग आणि व्हिएन्नाला निघाले आहेत. काल संध्याकाळी जाऊबाईंची भरलेली बॅग पाखाडीवरून नेऊन पाहिली. एकतिसाव्या पायरीवर त्या बसल्या, काही न बोलता चेन उघडली आणि इस्त्री बाहेर काढून चिऱ्यावर ठेवली.

कळावे,

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी